विद्यापीठाचा उंबरठा

मुलाची शेवटची परीक्षा झाली, निकाल हाती आला, की घरातली वडील माणसे समाधानाने म्हणतात, "चला, याचे शिक्षण संपले." मुलीच्या बाबतीत हेच वाक्य पुष्कळदा परीक्षेच्या आधी, लग्न ठरल्याबरोबर उच्चारले जाते. ते आपण इतक्या सहजपणे बोलतो की त्यातली विसंगती ध्यानात येत नाही. शेती संपली असे कोणी म्हणत नाही; संसार संपला असे म्हणणे तर अशुभच. शिक्षण मात्र विशीच्या आतबाहेर संपून जाते आणि पुढची चाळीस-पन्नास वर्षे माणूस त्या एका शिदोरीवर काढतो.

हे ज्यांना पटत नव्हते असे लोक आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली ती याच असमाधानातून. उन्हाळ्याच्या संध्याकाळी, दिवसाचे काम आटोपलेल्या प्रौढ माणसांनी एकत्र बसावे आणि आपल्या धंद्याबाहेरचा एखादा विषय जाणत्याकडून समजावून घ्यावा, ही कल्पना त्या काळी नवी होती. आज महाराष्ट्रातील बहुतेक गावांत ती रुळली आहे. या मांडवात कोणी वय विचारत नाही, गुणपत्रिका मागत नाही. पण व्याख्यान संपते आणि माणूस घरी जातो. त्याच विषयात आणखी चार पावले पुढे जावे असे त्याला वाटले तर त्याने जावे कोठे? या प्रश्नापाशी आपण विद्यापीठाच्या दाराशी येतो. वय उलटून गेलेल्या, पोटापाण्याच्या उद्योगात गुंतलेल्या माणसाला ते दार कितपत उघडे आहे, कोणी कोणी ते उघडण्याचा प्रयत्न केला, आणि आपल्या परभणी जिल्ह्यात अजून काय अडते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दाराशी उभे असलेले तिघे

प्रश्न हवेत राहू नये म्हणून आपण तीन माणसे डोळ्यांपुढे आणू. ती कल्पित आहेत, परंतु त्यांच्यासारखी माणसे प्रत्येकाच्या ओळखीत निघतील. पहिला, मानवतच्या मोंढ्यात अडतीच्या दुकानावर बसणारा मुनीम. दहावीनंतर वडील गेले, शाळा सुटली. आज पंचेचाळिशीत त्याला अर्थशास्त्र नीट समजून घ्यावेसे वाटते, कारण कापसाचा भाव आपल्या मोंढ्यात न ठरता कोठे दूर ठरतो, हे तो रोज पाहतो. दुसरी, जिंतूर तालुक्यातली अंगणवाडी सेविका. बारावी झालेली आहे. बालकांच्या वाढीविषयी, आहाराविषयी तिला अधिक शिकायचे आहे, पण दिवस अंगणवाडीत जातो आणि संध्याकाळ चुलीपाशी. तिसरे, गंगाखेडकडच्या डोंगरपट्ट्यातले एक तरुण जोडपे. दसरा-दिवाळीच्या सुमारास ते ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जाते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परत येते.

या तिघांपुढे एकच भिंत आहे असे दिसते; जवळ जाऊन पाहिले की तिच्यात वेगवेगळे उंबरठे आढळतात. मुनीमाला पात्रता आडवी येते, कारण बारावीचे प्रमाणपत्र त्याच्याजवळ नाही. सेविकेला अंतर आणि वेळ आडवी येतात. ऊसतोड जोडप्याला तर वर्षाचे वेळापत्रकच आडवे येते. विद्यापीठाचे वर्ष पावसाळ्याच्या तोंडाशी सुरू होते, अभ्यासाचा भर हिवाळ्यात असतो, आणि नेमके तेच महिने त्यांचे फडावर जातात. याखेरीज भाषेचा एक उंबरठा आहे, आणि शेवटचा, सहसा न दिसणारा, एकटेपणाचा आहे. पुस्तक हाती आले, पण अडले तर विचारावे कोणाला? विद्यापीठ सर्वांना खुले करणे म्हणजे हे सगळे उंबरठे उतरविणे होय. एखादाच उतरवून काम झाले असे मानले, की दार उघडे दिसते पण आत कोणी येत नाही.

मराठवाड्याचा अनुभव

अंतर आणि भाषा या दोन उंबरठ्यांचा अनुभव मराठवाड्याइतका दुसऱ्या कोणत्या मराठी मुलखाला आला नसेल. मुंबईचे विद्यापीठ १८५७ साली निघाले. परंतु आपण निजामाच्या राज्यात होतो, आणि आपले उच्च शिक्षण हैदराबादकडे तोंड करून होते. तेथे १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. पदवीपर्यंतचे आधुनिक शिक्षण इंग्रजीतून न देता उर्दूसारख्या भारतीय भाषेतून द्यायचे, हा त्या काळी मोठ्या धाडसाचा प्रयोग होता, आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. मात्र ज्या न्यायाने उर्दू बोलणाऱ्याला ते विद्यापीठ जवळचे झाले, त्याच न्यायाने परभणीच्या मराठी मुलाला ते दूरचे राहिले. आधी दुसरी भाषा शिकायची आणि मग तिच्यातून विद्या शिकायची, असा दुहेरी प्रवास त्याच्या वाट्याला आला.

त्याच सुमारास पुण्यात महर्षी कर्वे यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढले आणि मराठीतून उच्च शिक्षण देता येते हे दाखवून दिले. घरसंसारात अडकलेल्या स्त्रीला परकी भाषा हा निष्कारण अडथळा आहे, ही त्यांची दृष्टी होती. ती मराठवाड्यात यायला बराच अवधी लागला. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली. १९५० साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून प्रसिद्धीस आले. शतकानुशतके ज्यांना अक्षराजवळ येऊ दिले नव्हते त्यांच्यासाठी ते दार होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले. १९९४ साली त्याला बाबासाहेबांचे नाव दिले गेले, आणि त्याच वर्षी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ निघून परभणी जिल्हा त्याच्या कक्षेत आला. हैदराबादहून औरंगाबाद आणि औरंगाबादेहून नांदेड, असे विद्यापीठ हळूहळू आपल्या जवळ सरकत आले.

या जवळ येण्याला किती उशीर झाला याची खूण म्हणून एक नाव पुरे आहे. कवी, कथाकार आणि कादंबरीकार बी. रघुनाथ यांचा जन्म १९१३ सालचा, आपल्याच भागातील सातोन्याचा. मॅट्रिकनंतर त्यांना कॉलेजचे तोंड पाहता आले नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी पत्करावी लागली, आणि परभणीत कचेरीत काम करीत असतानाच ७ सप्टेंबर १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. मराठवाड्यात विद्यापीठ निघायला त्यानंतर पाच वर्षे लागली. आज त्यांच्या साहित्यावर विद्यापीठांतून प्रबंध लिहिले जातात. कॉलेजात न जाता त्यांनी एवढे लिहिले, हे त्यांचे मोठेपण. पण असा माणूस कारकुनी सांभाळून ज्यात शिकू शकेल असे विद्यापीठच त्या वेळी नव्हते, हा उणेपणा समाजाचा. प्रत्येकाजवळ बी. रघुनाथांची प्रतिभा नसते. आणि जिच्याजवळ ती नाही त्या साध्या जिज्ञासू माणसालाच विद्यापीठाची गरज अधिक असते.

रॉचडेलमधील तक्ते

विद्यापीठाने भिंतीबाहेर यावे ही कल्पना इंग्लंडात कशी उगवली, हे पाहणे उद्बोधक आहे. जेम्स स्टुअर्ट नावाचा केंब्रिजचा एक तरुण अध्यापक १८६७ साली उत्तर इंग्लंडातील शहरांत स्त्रियांपुढे खगोलशास्त्रावर व्याख्याने देऊ लागला. व्याख्यान झाल्यावर प्रश्न विचारून श्रोत्यांना किती समजले ते पाहावे, असा त्याचा विचार होता. परंतु तरुण पुरुषाने तरुण स्त्रियांना तोंडी प्रश्न विचारावेत हे त्या काळच्या रीतीला धरून नव्हते. म्हणून त्याने छापील प्रश्न वाटले, स्त्रियांनी घरून उत्तरे लिहून आणली आणि त्याने ती तपासून परत केली. संकोचातून निघालेल्या या वाटेने एक उत्तम शिक्षणपद्धती जन्माला घातली. ऐकणारी व्यक्ती आता लिहू लागली, आणि तिचे लिहिलेले कोणीतरी वाचू लागले.

दुसरी गोष्ट रॉचडेल या गिरणगावातली. तेथील सहकारी भांडाराच्या कामगारांपुढे स्टुअर्टची व्याख्याने चालू होती. एकदा पुढच्या खेपेपर्यंत तक्ते भिंतीवर तसेच राहू द्यावेत अशी त्याने सभागृहाच्या रखवालदाराला विनंती केली. पुढच्या आठवड्यात रखवालदार त्याला म्हणाला की, तक्ते राहिले हे बरेच झाले. मंडळी त्यांच्यापुढे जमून चर्चा करीत होती आणि त्यांना पुष्कळ विचारायचे आहे, तेव्हा आपण थोडे आधी येऊ शकाल काय? स्टुअर्ट आधी गेला, आणि व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वर्ग सुरू झाला. १८७३ साली केंब्रिज विद्यापीठाने ही योजना आपली म्हणून स्वीकारली. आपल्याकडे हिलाच पुढे 'बहिःशाल शिक्षण' असे नाव मिळाले.

तीस-पस्तीस वर्षांनी त्याच रॉचडेलमध्ये आणि लाँगटन या कुंभारकामाच्या गावी आर. एच. टॉनी या अर्थशास्त्रज्ञाने कामगारांचे वर्ग घेतले. १९०८ च्या जानेवारीत ते सुरू झाले. नियम साधे पण कडक होते. आठवड्यातून एकदा दोन तास बसायचे. एक तास व्याख्यान, एक तास चर्चा. वर्षाला चोवीस बैठका. पंधरवड्याला एक निबंध लिहायचा. आणि प्रवेश घेताना तीन वर्षे येण्याचा शब्द द्यायचा. दिवसभर यंत्रापाशी राबलेल्या माणसांनी तो शब्द पाळला. त्यांना पदवी मिळणार नव्हती की पगारवाढही. आपण ज्या व्यवस्थेत राबतो ती समजावी, एवढ्यासाठी ते येत होते. आपल्या मानवतच्या मुनीमाला हवे आहे ते हेच.

कुलूप आले, किल्ली राहिली

आपल्याकडे मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची विद्यापीठे १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर उभारली गेली. ही विद्यापीठे आरंभी स्वतः शिकवीत नसत. महाविद्यालये जोडून घेत आणि परीक्षा घेत. गंमत अशी की, पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, लंडन विद्यापीठाने आपल्या बहुतेक परीक्षा महाविद्यालयात न गेलेल्यांनाही खुल्या केल्या. आपण परीक्षेचे कुलूप त्यांच्याकडून आणले. घरी बसून अभ्यास करणाऱ्याला दिलेली किल्ली मात्र तिकडेच राहिली. महाविद्यालयाच्या वर्गात हजेरी लागल्याशिवाय पदवी नाही, हा आपला सर्वसाधारण नियम शंभर वर्षे टिकला.

तो सैल होऊ लागला तो १९६२ साली, दिल्ली विद्यापीठाने पत्रद्वारा शिक्षण सुरू केले तेव्हा. १९६४ ते १९६६ या काळात बसलेल्या कोठारी आयोगाने पत्रद्वारा शिक्षणाचा विस्तार करावा आणि विद्यापीठांनी प्रौढांच्या शिक्षणाची जबाबदारी घ्यावी असे सांगितले. इकडे इंग्लंडात १९६९ साली मुक्त विद्यापीठाला सनद मिळाली आणि १९७१ च्या जानेवारीत त्याचे पहिले विद्यार्थी शिकू लागले. पूर्वीची कोणतीही पात्रता न विचारता प्रवेश द्यायचा, मात्र पदवीची कसोटी सैल करायची नाही, हे त्याचे सूत्र. मुक्त शिक्षणाने दर्जा खालावतो अशी शंका नेहमी घेतली जाते. तिचे उत्तर या सूत्रात आहे. दर्जा राखायचा तो बाहेर पडण्याच्या दाराशी. आत येण्याच्या दाराशी माणसाला अडविल्याने फक्त गर्दी कमी होते.

भारतातले पहिले मुक्त विद्यापीठ १९८२ साली निघाले ते हैदराबादेत. उस्मानियाचे कुलगुरू राहिलेले जी. राम रेड्डी त्याचे पहिले कुलगुरू होते, आणि १९८५ साली दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा त्याचेही पहिले कुलगुरू तेच झाले. महाराष्ट्राने १ जुलै १९८९ रोजी नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन केले. त्याचे पहिले कुलगुरू डॉ. राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या, पण शाळा अर्ध्यावर सुटलेल्या माणसासाठी या विद्यापीठाने पूर्वतयारीचा अभ्यासक्रम काढला. तो पार केला की पदवीच्या वर्गाची वाट मोकळी होई. माळीकामाचे, फळबागेचे, भाजीपाला उत्पादनाचे अभ्यासक्रम मराठीतून निघाले. आजवर लक्षावधी लोकांनी या विद्यापीठाचा लाभ घेतला आहे, आणि त्यांत ज्यांना दुसरे कोणतेच विद्यापीठ मिळाले नसते असे पुष्कळ आहेत.

याची रचनाही समजून घेण्याजोगी आहे. विद्यार्थ्याला पाठ्यपुस्तक मिळते ते वर्गातल्या पुस्तकासारखे नसते. प्रत्येक घटकाच्या आरंभी त्यातून काय समजायला हवे ते दिलेले असते, मध्ये मध्ये स्वतःची परीक्षा घेण्याचे प्रश्न असतात, शेवटी उत्तरे असतात. जणू शिक्षकच पुस्तकात बसविलेला असतो. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे असतात, आणि तेथे सुटीच्या दिवशी संपर्कसत्रे भरतात. अशा रीतीने पात्रता, अंतर आणि भाषा हे तीन उंबरठे पुष्कळसे उतरले. एकटेपणाचा उंबरठा मात्र एवढ्याने उतरत नाही. पुस्तकात बसविलेला शिक्षक विचारलेल्या सगळ्याच प्रश्नांना उत्तर देऊ शकत नाही. संपर्कसत्राला जायचे तर सेविकेला तिचा एकुलता सुटीचा दिवस खर्ची घालावा लागतो, आणि सत्राला चारच माणसे आली की शिकविणाऱ्याचाही उत्साह मावळतो. मग पुस्तक फडताळात जाते, परीक्षेपुरते बाहेर येते, किंवा येतही नाही. नाव नोंदविणारे किती, हे आपण अभिमानाने मोजतो. मध्येच सुटलेले किती आणि का, हा खरा विचार करण्याचा प्रश्न आहे.

आपल्या दाराशी असलेले विद्यापीठ

आता आपल्या गावाकडे वळू. परभणीच्या माणसाला विद्यापीठ शोधायला नांदेडला किंवा नाशिकला जाण्याची गरज नाही. कृषी विद्यापीठ इथेच आहे. निजामाच्या काळी, १९१८ साली, येथे शेतीचे प्रयोगक्षेत्र निघाले. १९५६ साली कृषी महाविद्यालय सुरू झाले. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले, आणि २०१३ पासून ते वसंतराव नाईक यांच्या नावाने ओळखले जाते. शिक्षण आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तार, म्हणजे शेतकऱ्यापर्यंत जाणे, हे तिसरे काम कृषी विद्यापीठांना जन्मापासूनच नेमून दिलेले आहे. ही कल्पना अमेरिकेतील शेतकी महाविद्यालयांची. तेथे १९१४ साली कायदा करून विस्तारकार्याला सरकारी पैशाचा आधार देण्यात आला होता.

विस्तार म्हणजे शहाण्याने अडाण्याला सांगणे असा समज असेल तर भेंडीचे उदाहरण पाहावे. भेंडीची पाने शिरांपासून पिवळी पडत जातात, फळे फिकट आणि निबर होतात. हा विषाणूचा रोग, आणि पांढरी माशी तो पसरविते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे पिकाचे दुखणे. विद्यापीठात आल्यावर ते संशोधनाचा विषय झाले. नेहमीच्या भेंडीचा तिच्या एका जंगली नातलगाशी संकर करून, पुढे निवड करीत करीत, या रोगाला दाद न देणारे वाण येथे तयार झाले. १९८० नंतरच्या दशकात ते 'परभणी क्रांती' या नावाने बाहेर पडले आणि देशभर पोचले. ज्या विद्यापीठाला शेताच्या बांधावरून प्रश्न ऐकू येतो, त्याचे संशोधनही अर्थपूर्ण होते. प्रौढ विद्यार्थी विद्यापीठाकडून घेतो तसे त्याला काही देतोही, याचा याहून चांगला दाखला मला तरी ठाऊक नाही.

दरवर्षी १८ मे रोजी, विद्यापीठाच्या वर्धापनदिनी, खरीप शेतकरी मेळावा भरतो. भर उन्हाळ्यात, व्याख्यानमालांच्याच दिवसांत, हजारो शेतकरी येतात, बियाणे नेतात, प्रश्न विचारतात. त्यांच्यापैकी कोणालाही प्रवेशपात्रता विचारली जात नाही. येथे उंबरठाच नाही. पण दुसऱ्या बाजूने पाहिले तर येथे पायऱ्याही नाहीत. मेळाव्याला वीस वर्षे नेमाने येणारा शेतकरी जे शिकला, त्याची कोठे नोंद होत नाही. एका वर्षी समजलेल्यावर पुढच्या वर्षी चढवायचा मजला कोणी आखून दिलेला नसतो. मुक्त विद्यापीठाजवळ पायऱ्या आहेत, पण सोबत अपुरी. कृषी विद्यापीठाच्या मेळाव्यात सोबत आहे, पायऱ्या नाहीत. ही दोन अर्धी एकत्र आणणे, हे मला आजचे मुख्य काम वाटते.

सरकारी धोरण या दिशेने काही काळ चालले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली विस्तार हे अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीचे विद्यापीठाचे तिसरे अंग मानले. महाराष्ट्राच्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात आजीवन अध्ययन व विस्तार यांसाठी स्वतंत्र मंडळ आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शिक्षण मध्येच सोडून पुन्हा परतण्याची मुभा मान्य केली, आणि २०२१ पासून श्रेयांकांची पेढी सुरू झाली. पोस्टाच्या पासबुकात जसे थोडेथोडे पैसे जमत जातात, तसे विद्यार्थ्याने पुरे केलेल्या अभ्यासाचे श्रेयांक तेथे त्याच्या नावावर जमा होतात आणि पुढे पदवीच्या कामी येतात. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याला ही कल्पना वरदान ठरू शकेल. चैत्रापासून दसऱ्यापर्यंत शिकावे, हिवाळ्यात खाते तसेच राहू द्यावे, परत आल्यावर पुढे चालावे. पण त्यासाठी वर्ग कोणीतरी चैत्रात सुरू करायला हवा. पासबुक आहे, मात्र गावात पोस्टच नाही, अशी स्थिती झाली तर पासबुक काय कामाचे?

मोबाइलवर सगळे मिळते, मग वर्ग कशाला, असे कोणी म्हणेल. उत्तम व्याख्याने आज हातातल्या यंत्रावर फुकट ऐकता येतात, हे खरेच आहे, आणि त्याचा उपयोग करून घ्यावा. पण ज्या घरात एकच मोबाइल आहे तेथे तो बहुधा मुलाच्या हाती असतो, आईच्या नव्हे. आणि यंत्र व्याख्यान ऐकविते. रॉचडेलच्या तक्त्यांपुढे उभे राहून एकमेकांशी वाद घालणारी माणसे ते आणून देत नाही.

आपल्या हातचे काम

ही माणसे आपल्या गावात नाहीत काय? गावोगावच्या सप्ताहात ज्ञानेश्वरीचे पारायण चालते. एक वाचतो, बाकीचे ऐकतात, अडलेली ओवी जाणता उलगडून सांगतो, आणि पुढच्या वर्षी तीच मंडळी पुन्हा बसतात. गंगाखेडची जनाबाई कोणत्या शाळेत गेली होती? नामदेवांच्या घरी दळणकांडण करीत ती ज्या संगतीत राहिली, ती संगतच तिची शाळा झाली. एकत्र बसून शिकण्याची सवय आपल्याला नवी नाही. ती सवय आणि विद्यापीठाची विद्या यांची गाठ घालून देणे बाकी आहे.

त्यासाठी मोठ्या इमारतीची वाट पाहण्याचे कारण नाही. परभणीच्या गणेश वाचनालयासारखी निजामी काळापासून चालत आलेली वाचनालये आपल्याजवळ आहेत. तालुक्याच्या गावी शाळांच्या खोल्या संध्याकाळी रिकाम्याच असतात. विद्यापीठाने एक विषय, एक छापील टिपण आणि एक अध्यापक द्यावा. गावाने खोली, सतरंजी आणि वीस माणसे द्यावीत. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन तास. एक तास व्याख्यान, एक तास प्रश्न. पंधरा दिवसांनी प्रत्येकाने एक पान लिहावे, आणि अध्यापकाने ते वाचून, त्यावर दोन ओळी लिहून परत करावे. टॉनीच्या कामगारांनी तीन वर्षांचा शब्द दिला होता. आपण आरंभी दहा आठवड्यांचा द्यावा. ज्याला पदवी हवी त्याचे श्रेयांक नोंदवावेत, ज्याला नको त्याच्यावर त्याची सक्ती नसावी. विषय श्रोत्यांनी ठरवावा. मोंढ्यातल्यांनी बाजारभाव मागितला तर तो, सेविकांनी बालसंगोपन मागितले तर ते. वेळही त्यांनीच सांगावी. कारण स्वयंपाकाच्या वेळेला ठेवलेला वर्ग स्त्रियांना बंदच असतो, मग त्याच्या दारावर काहीही लिहिलेले असो.

खर्च कोण करणार, हा प्रश्न योग्य आहे. अध्यापकाचा प्रवासखर्च आणि मानधन ही विद्यापीठाची जबाबदारी. विस्तार हे तिसरे अंग मानले असेल तर त्याच्या वाट्याला अन्न मिळालेच पाहिजे. पण तेवढ्याने वर्ग चालत नाही. तो चालतो तो दहाव्या आठवड्यालाही कोणीतरी दिवा लावून, सतरंजी घालून वाट पाहत असते म्हणून. रॉचडेलच्या त्या रखवालदाराचे नाव सहसा कोणी सांगत नाही. त्याने निरोप पोचविला नसता तर स्टुअर्ट पुढच्या गाडीने परत गेला असता आणि तक्ते उतरविले गेले असते.

व्याख्यानमालेचा हा मांडव काही दिवसांनी उतरेल. तो उतरण्यापूर्वी ऐकलेल्या विषयांपैकी कोणत्या एका विषयाचा वर्ग या गावात व्हावा, हे श्रोत्यांनी आपसांत ठरवावे आणि तशी मागणी सह्या करून विद्यापीठाकडे पाठवावी. मागणारी वीस माणसे आहेत असे दिसले तर शिकविणारा नाकारणे विद्यापीठाला जड जाईल. अर्जावर पहिली सही कोणाची असावी? माझ्या मते, ज्याचे शिक्षण संपले असे घरच्यांनी फार पूर्वी सांगून टाकले, त्याची.